परवान्याचं वय



महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी तरी कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे! 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही लागू आहे. त्याच्या हिशेबी दारूबंदी हा नियम, पिणं हा अपवाद. बारच्या गल्ल्याशेजारी एक पुस्तक पडलेलं असतं. त्यात एका दिवसाचे परवाने. विदेशी मद्याला पाच रुपये, देशीला दोन. गिऱ्हाइकानं नाव, वय लिहून सही करायची आणि मग पेला उचलायचा. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी हे पुस्तक कुणीतरी फावल्या वेळात, सुचतील त्या नावांनी भरून ठेवतं. कागदावरचे हे सगळे पंचविशी ओलांडलेले असतात, हे सांगायला नकोच.

कारण सौम्य बिअरला आपल्याकडे 21 वर्षांची अट आहे आणि कडक दारूला 25 ची. 2011 साली व्यसनमुक्ती धोरण आलं तेव्हा यावर रान उठलं. अभिनेता इम्रान खान उच्च न्यायालयात गेला. मत देतो, लग्न करतो, मग पेल्यालाच मनाई का, असा तरुणांचा सवाल होता. तो अगदीच पोरकट नाही. आपल्याकडे अठरा वर्षांची मुलगी दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीला मत देऊन गावातलं दारूचं दुकान बंद करायला हातभार लावू शकते. एकविसाव्या वर्षी सरपंच होता येतं. त्या सरपंचाला व्हिस्कीसाठी मात्र आणखी चार वर्षं थांबायचं! बांद्याहून पत्रादेवी ओलांडली की गोवा, आणि तिथे अठरा पुरतात.

तरीही वयाची अट निरुपयोगी आहे, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत 1970 नंतर अनेक राज्यांनी हे वय खाली आणलं, पोरांचे अपघात वाढले, आणि 1984 च्या कायद्यानं ते पुन्हा 21 वर नेलं. रस्त्यावरचे तरुण मृत्यू त्यानंतर घटले. पण तिथे काउंटरवर ओळखपत्र मागतात, आणि मिशा पाहून अंदाज बांधत नाहीत.

पुण्यात 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. जामिनासाठी लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर आपण महिनाभर संतापलो. ते रास्तच होतं. पण त्याआधी त्या मुलाच्या टेबलावर दारू आली होती. आणणाऱ्याला 'तुझं वय काय रे?' एवढं विचारावंसं वाटलं नाही. का वाटावं? समोरची निम्मी गिऱ्हाइकं पंचविशीच्या आतली. बावीस वर्षांच्याला रोज वाढणाऱ्याच्या लेखी सतरा वर्षांचाही त्यातलाच एक. जो नियम रोज मोडायचाच, त्यात मोठा गुन्हा आणि छोटा गुन्हा कोण निवडत बसणार?

म्हणून माझं मत असं, की सरसकट 21 करा, हरियाणानं केलं तसं. मात्र ते पाळलं जाईल असं बघा. परवान्याचं ते पुस्तक रद्द करा, ओळखपत्र सक्तीचं करा, आणि अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याचा परवाना पहिल्याच वेळी काढून घ्या. दंड भरून दुसऱ्या दिवशी शटर वर जाणार असेल, तर वय 21 ठेवा नाहीतर 40, दुकानदाराला सारखंच.