रजिस्ट्री झाली, पण मालकी आली का?

पैठण रस्त्यावर बिडकीनच्या परिसरात दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी सुमारे 8 हजार एकर क्षेत्र आखले गेले आणि शेजारच्या शिवारांचेही भाव चढले. भाव चढले की एकच प्लॉट दोघांना विकणारेही निघतात. वकील म्हणून माझ्याकडे येणारा माणूस बहुधा एकच वाक्य आधी बोलतो, ‘साहेब, रजिस्ट्री तर झाली आहे!’

दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात. विकणारा खरा मालक आहे का, याचा निवाडा ते करीत नाहीत. सातबारा महसुलासाठी असतो, नुसत्या फेरफाराने मालकी मिळत नाही. आपल्या मराठवाड्यात तर निजामी राजवटीपासूनच्या इनामी जमिनी, 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याखालची कुळे, असा गुंता आहे. म्हणून 1954-55 चे खासरा पाहणीपत्रक पाहिल्याशिवाय मी मत देत नाही. दलाल मंडळींना हे आवडत नाही, तो भाग वेगळा.

मालकीतला ठाऊक असलेला दोष विक्रेत्याने दडवला, तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 त्याला लबाडीच मानते. रक्कम आणि नुकसानभरपाई मागता येते. प्लॉट दोनदा विकला असेल तर कलम 48 प्रमाणे आधीचा खरेदीदार वरचढ. दुसऱ्याच्या हाती विक्रेत्याविरुद्धचा दावा तेवढा उरतो. दस्त रद्द करून घेण्याची मुदत 3 वर्षांची, पण ती फसवणूक कळल्यापासून मोजतात.

फौजदारी बाजू अधिक विचित्र आहे. दुसऱ्याची जमीन ‘माझीच’ म्हणून कुणी स्वतःच्या सहीने विकली, तर तेवढ्याने तो दस्त बनावट ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये मोहम्मद इब्राहिम खटल्यात सांगितले. खोटी सही किंवा तोतया उभा केला, तर गोष्ट वेगळी. फसवणुकीची तक्रार खरेदीदार करू शकतो, कारण फसला तो. मूळ मालकाला मात्र दिवाणी न्यायालयाची वाट. तर्क म्हणून मला हे पटते. पण ज्याच्या जमिनीचा परस्पर सौदा झाला, त्याला समजावताना जीभ जड होते.

पूर्वीच्या कलम 420 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 ने घेतली आहे. शिक्षा 7 वर्षांपर्यंत. तरीही गुन्हा दाखल झाला म्हणून पैसे आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी दिवाणी दावाच लावावा लागतो, आणि तिथे दस्तात न लिहिलेली रोख रक्कम सिद्ध करणे फार कठीण जाते.