तीन तासांचा पिक्चर, तीन ओळींचा हिशोब

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीत काम करणारा माणूस. मॅट्रिकच्या पुढं गेलो नाही. कविता लिहितो. पण समीक्षा लिहायचा परवाना माझ्याकडं नाही, आणि तो मी कुणाकडं मागायला जाणारही नाही. पिक्चर बघून आलो की मी तीन ओळी लिहितो. हायकू. पहिल्या ओळीत ५ अक्षरं, दुसरीत ७, तिसरीत ५. झाली १७. तेवढंच माझं परीक्षण. आज त्यातले काही वाचून दाखवतो आणि ही उठाठेव कशासाठी तेही सांगतो.

हायकू म्हटल्याबरोबर मागं दोघंतिघं हसले. हसा. हायकू म्हणजे पांढरपेशांच्या गॅलरीतली कुंडी, चिमणी, पाऊस, प्राजक्त, असं आपल्याला वाटतं. पण जपानात बाशोनं सतराव्या शतकात पिसवांना आणि उवांना हायकूत जागा दिली होती. इस्सा हा शेतकऱ्याचा पोर, त्यानं माश्यांवर लिहिलं. मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी, १९७० च्या दशकात. त्या आचार्य अत्र्यांच्या कन्या. याच अत्र्यांनी १९५४ साली 'महात्मा फुले' हा पिक्चर काढला आणि त्याच्या मुहूर्ताला बाबासाहेब हजर होते. म्हणजे मराठीत हायकू आणि पिक्चर एकाच घरचे. आपण फक्त त्यांची सोयरीक जुळवतोय.

ही माझ्या एकट्याची टूमही नाही. 'बॅटलशिप पोटेमकिन' काढणारा रशियाचा आयझेनस्टाइन जपानी शिकला होता. १९२९ च्या एका निबंधात त्यानं मांडलं की हायकू म्हणजे मोंताजच. एक चित्र ठेवायचं, शेजारी दुसरं ठेवायचं, दोन्ही एकमेकांवर आपटली की दोघांतही नसलेला अर्थ बाहेर पडतो. त्याच्याच १९२५ च्या पिक्चरवर, ज्यात खलाशांना किडलेलं मांस खायला घालतात आणि ते बंड करतात, त्यावर मी लिहिलं :

मांसात अळी
डॉक्टर म्हणे ठीक
जहाज उठे

यात मी 'जुलमी' लिहिलं नाही, 'महान कलाकृती' लिहिलं नाही. गोदीत टॅली क्लार्क असतो. गोण सुंदर आहे की करुण आहे, हे तो वहीत लिहीत नाही. किती आल्या, किती फाटल्या, किती कमी भरल्या, एवढंच मांडतो. पण त्या आकड्यांवरूनच चोर सापडतो. हायकू असाच मांडायचा. विशेषणाला बंदी. पडद्यावर कोण कुठं उभं आहे, कोण मरतं, कोण टाळ्या घेऊन जातं आणि कोण तिथंच राहतं, एवढंच मांडायचं. वर्तमानपत्रातला समीक्षक 'हृदयस्पर्शी' लिहितो आणि मोकळा होतो. कुणाचं हृदय, कुणाचा स्पर्श, हे त्याला विचारायचं नाही!

आता पहिल्यापासून बघू. ३ मे १९१३, गिरगावातलं कॉरोनेशन थेटर, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. आपल्या देशाच्या सिनेमाचा पाळणा इथं हलला म्हणतात. ही कथा तुम्ही आजीकडून ऐकली असेल. राजा सत्यासाठी राज्य देतो, बायकापोरं विकतो, आणि दुःखाची शेवटची पायरी कोणती? तर राजाला डोंबाच्या घरी चाकरी करून स्मशानात राबावं लागतं. म्हणजे जे काम आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या केलं, तेच राजानं चार दिवस केलं की पुराण होतं.

राजा स्मशानी
त्याच्या दुःखाला टाळ्या
डोंब तिथेच

१९३६. बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या'. अशोककुमार ब्राह्मणाचा पोरगा प्रताप, देविकाराणी रेल्वेच्या फाटकवाल्याची पोरगी कस्तुरी. प्रेम आहे, लग्न नाही. शेवटी रुळावर मारामारी जुंपते, ती थांबवायला म्हणून गाडी अडवायला कस्तुरी धावते आणि मरते. मेल्यावर फाटकाजवळ तिचं ठाणं होतं, लोक हात जोडतात. जिवंतपणी विटाळ, मेल्यावर देवी.

फाटक बंद
रुळावर कस्तुरी
गाडी वेळेत

१९५९. बिमल रॉय यांचा 'सुजाता'. नूतन. अस्पृश्याची अनाथ पोर ब्राह्मण इंजिनिअरच्या घरी वाढते. घरची बाई तिची ओळख करून देताना 'लेक' म्हणत नाही, 'लेकीसारखी' म्हणते. बाईला रक्त लागतं, घरात कुणाचं जुळत नाही, सुजाताचं जुळतं. तेव्हा कुठं ती लेक होते. माझी आई हा पिक्चर बघताना रडली. रडण्यासारखा आहेच, नूतन अशी की दगडालाही पाझर फुटावा. पण हिशोब लागतो तो असा :

सुई दंडात
'लेकीसारखी'तून
'सारखी' गळे

एक बाटली रक्त दिलं तर एक शब्द गळतो. हा भाव कुणी ठरवला?

१९८१. सत्यजित रे यांचा 'सद्गती', प्रेमचंदांच्या कथेवरून. ओम पुरी दुखी चांभार. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला बामणाकडं जातो, बामण त्याला उपाशीपोटी लाकूड फोडायला लावतो, दुखी तिथंच मरतो. आता प्रेताला शिवायचं कुणी?

दोर पायाला
बामण ओढी मढं
स्पर्श टाळून

जपानी हायकूत ऋतूचा एक शब्द घालायची रीत आहे. हे सगळे ओळीनं वाचले की तुमच्या ध्यानात येईल, हिंदी पिक्चरमध्ये आपला ऋतू एकच ठेवलाय. मरणाचा. मरायचं, किंवा रक्त द्यायचं, आणि बघणाऱ्याचं मन हलकं करून द्यायचं. २००१ च्या 'लगान'मध्ये आपला माणूस जगतो, मान्य. पण नाव काय ठेवलं? कचरा. त्याचा हात अधू आहे, त्या हातानं चेंडू फिरतो, म्हणून गाव त्याला संघात घेतं.

वाकडा हात
चेंडू वळतो तेव्हा
गाव शिवते

चेंडू वळला नसता तर?

आणि जिथं मारताही येत नाही, रडवताही येत नाही, तिथं काय करतात? गाळून टाकतात. १९८२ चा ॲटनबरोचा 'गांधी'. आपल्या सरकारचाही पैसा त्यात होता. ऑस्करचे ८ पुतळे मिळाले. तीन तासांच्या वर चालतो. नेहरू आहेत, पटेल आहेत, जीना आहेत. बाबासाहेब नाहीत.

तीन तासांत
सारे येऊन गेले
खुर्ची रिकामी

जे पडद्यावर नाही त्यावर समीक्षक पानभर लिहू शकत नाही, त्याची अडचण होते. तीन ओळींत रिकामी खुर्ची ठेवता येते.

आता दगडांकडं येतो. केरळात मूकपटाच्या काळात पी. के. रोझी नावाची दलित बाई होऊन गेली. मल्याळम भाषेतल्या पहिल्या पिक्चरची, 'विगतकुमारन'ची, ती नायिका. तिनं नायर बाईची भूमिका केली, एवढाच गुन्हा. सवर्णांनी पडद्यावर दगड मारले, तिला मुलूख सोडून जावं लागलं. त्या पिक्चरची एक प्रतही आज उरलेली नाही.

नायरीण ती
पडद्यावर रोझी
दगड खरे

हा पहिला दगड. दुसरा १९७४ सालचा, श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मधला. जमीनदाराचा पोरगा मुक्या किष्टय्याला चाबकानं फोडून काढतो, आणि शेवटी एक लहान पोर त्याच्या खिडकीवर दगड भिरकावतं.

काच फुटली
वाड्यात वारा आला
पोर पळालं

आणि तिसरा २०१३ चा, नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला. जब्याच्या घरची माणसं मारलेलं डुक्कर बांधून शाळेच्या भिंतीवरून नेतात. त्या भिंतीवर आपल्या महापुरुषांची चित्रं आहेत. गावातली पोरं टिंगल करतात, आणि जब्या दगड उचलतो. तो दगड टिंगल करणाऱ्याला लागतो की नाही ते दिसत नाही. तो सरळ आपल्या तोंडावर येतो. यावर माझे दोन हायकू आहेत.

भिंतीवरती
बाबासाहेब, फुले
खाली डुक्कर

पहिला वाचून एक कार्यकर्ता माझ्यावर भडकला. म्हणाला, बाबासाहेब आणि डुक्कर एका कवितेत? लाज नाही वाटत? त्याला मी इथं सर्वांसमोर उत्तर देतो. ती चित्रं रंगवली सरकारी शाळेनं, आणि डुक्कर पकडायला लावलं त्याच गावानं. दोन्ही एका चौकटीत आहेत ही आपली बदनामी नव्हे, गावाची आहे. जयंतीला हार घालायचा आणि जब्याला डुकरामागं पळवायचं, हे दोन्ही एकाच हातानं चालतं. ते बघायचं नसेल तर भिंती रंगवून काय उपयोग? दुसरा असा :

दगड आला
पडदा काळा झाला
कपाळ माझं

कपाळ माझं का? कारण तिकीट काढून अंधारात बसलेलो, तेव्हा मीही बघ्यांतलाच एक होतो. 'सैराट'ला, २०१६ साली, तेच झालं. शंभर कोटींच्या वर गल्ला. लोक थेटरात उठून नाचले. आणि शेवटी आर्ची-परश्याचं रक्त पायाला लागलेलं लेकरू एकटंच दाराबाहेर चालत जातं, पिक्चरचा आवाज बंद होतो.

पाऊल छोटं
लाल उमटे दारी
गाणं थांबलं

दुसऱ्या दिवशी वरातीत पुन्हा तेच गाणं वाजलं. नाचा, मी नाचू नका म्हणत नाही. पण शेवटच्या तीन ओळी खिशात ठेवून नाचा.

आता माझ्या धंद्यातला पिक्चर. १९७५ चा 'दीवार'. अमिताभ गोदीतला हमाल, विजय. बिल्ला नंबर ७८६. गोदीतली म्हातारी माणसं अजून त्याच्या गोष्टी सांगतात. त्यात एक नवा पोरगा हप्ता द्यायला नकार देतो आणि जिवानिशी जातो. त्याचं नाव सांगा बघू? नाही आठवत. विजयनं गुंडांना लोळवलं हे आठवतं. मग विजय गोदी सोडतो, सूट चढवतो, आणि कॅमेरा त्याच्या गाडीत बसून निघून जातो. हमाल मागं राहतात.

बिल्ला खिशात
गोळी तिथे अडली
गोण पाठीला

आज गोदीत गोणी कमी, कंटेनर जास्त. बराचसा माल न्हावाशेवाला गेला, टोळ्या लहान झाल्या. कॅमेरा काही परत आला नाही. पण एक गोष्ट झाली, तीही मांडली पाहिजे. २०२२ साली मंजुळे यांचा 'झुंड' आला. नायक पुन्हा अमिताभ, नाव पुन्हा विजय. झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारा मास्तर. भीमजयंती चाललीय, आणि तो बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभा राहतो.

हात जोडले
विजय उभा आहे
समोर भीम

'दीवार'पासून इथवर यायला ४७ वर्षं लागली. हे कुणी दयेनं दिलं नाही. कॅमेऱ्यामागं आपला माणूस उभा राहिला तेव्हा कॅमेऱ्याचं तोंड वळलं.

तुम्ही म्हणाल, तीन ओळींनी काय होणार? खरंय. पिक्चरला पैसा कुणी लावला, थेटर कुणाला मिळालं, कुणाचा पिक्चर आठवड्यात उतरवला, हे १७ अक्षरांत मावत नाही. त्यासाठी लेख लिहा, आकडे काढा, मोर्चा न्या. पण त्याच्या आधीचं एक काम आहे. तीन तास अंधारात बसवून ते आपल्याला सांगतात, इथं हस, इथं रड, इथं शिट्टी मार. आपण हसतो, रडतो, शिट्टी मारतो आणि दुसऱ्याचे डोळे लावून घरी येतो. ते डोळे काढून स्वतःचे लावायला तीन ओळी पुरतात. त्याला कॉलेज लागत नाही. बसच्या तिकिटामागं लिहिता येतं, मोबाईलवर लिहिता येतं, जेवणाच्या सुट्टीत लिहिता येतं.

कसं लिहायचं तेवढं सांगून थांबतो. पिक्चर सुटला की लगेच लिहू नका. रात्र जाऊ द्या. सकाळी जे एक दृश्य डोळ्यापुढून हलत नाही, ते पहिल्या ओळीत घाला. ते दृश्य पडद्यावर ज्याच्या घामावर उभं आहे, त्याला दुसऱ्या ओळीत आणा. तिसऱ्या ओळीत निकाल देऊ नका, तिथं एखादी वस्तू ठेवा. दोर, गोण, खुर्ची, दगड. अक्षरं बोटांवर मोजा. जास्त झालं तर विशेषण कापा, माणूस कापू नका.

पुढच्या अंकासाठी प्रत्येकानं एक पिक्चर आणि तीन ओळी पाठवाव्यात. जुना चालेल, नवा चालेल. नाव नाही घातलं तरी चालेल. मी कवितेची वही घेऊन दाराशी बसलोय, जाताना देऊन जा.

जय भीम.