मुका संच बोलता करताना

रेडिओ ही ऐकण्याची वस्तू आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कोणीतरी दूर बसून बोलावे आणि आपण घरबसल्या ऐकावे. परंतु रेडिओचा आणखी एक प्रकार आहे. त्यात ऐकणाराच बोलतो आणि बोलणाराच ऐकतो. त्याला हौशी रेडिओ म्हणतात. जगभर त्याचे नाव ‘हॅम’ असे पडले आहे. सरकारचा परवाना घेऊन, नेमून दिलेल्या लहरींवर, पैशासाठी नव्हे तर शिकण्यासाठी आणि प्रयोगासाठी एकमेकांशी बोलणारी ही मंडळी. त्यांच्या संचात ग्राहक आणि प्रक्षेपक एकाच पेटीत असतात. त्या पेटीला ट्रान्सीव्हर म्हणतात. ती तयार विकत मिळते, तशीच सुटे भाग आणून घरी जोडताही येते. आज मला बोलायचे आहे ते या जोडण्याविषयी. आणि त्याहूनही अधिक, जोडलेला संच मुका राहिला तर काय करावे याविषयी.

तुम्ही म्हणाल, खिशात मोबाइल असताना हा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे. नुसते बोलणे एवढाच हेतू असेल, तर मोबाइल पुरेसा आहे. पण मोबाइल बिघडला की आपण तो दुकानदाराच्या हाती देतो आणि बाकावर बसून राहतो. आत काय झाले ते आपल्याला कळत नाही, कळावे अशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही. स्वतः जोडलेल्या संचाचे तसे नसते. त्याची तार न् तार आपल्या ओळखीची असते.

या छंदाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १९४२ च्या आंदोलनात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. तो २७ ऑगस्टला सुरू झाला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. त्याचा प्रक्षेपक उभारण्यात नरीमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याचा हात होता. तो रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे. आज हौशी मंडळी ज्याला ४० मीटरचा पट्टा म्हणतात, तो हाच परिसर. आपण ज्या संचाविषयी बोलणार आहोत, तोही इथेच चालतो.

हा संच म्हणजे ‘बिटएक्स’. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याचा आराखडा तयार केला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. परदेशी किट आपल्याकडच्या विद्यार्थ्याला परवडत नाही, आणि त्यातले भाग इथल्या बाजारात मिळत नाहीत, ही अडचण त्यांच्यासमोर होती. म्हणून त्यांनी साधे, सहज मिळणारे भाग निवडले. तारेची वेटोळी गुंडाळायला खास कडी मिळत नव्हती, तर त्यांनी चक्क नळाचे वॉशर वापरले! पुढे २०१६ च्या सुमारास याच आराखड्यावरचे ४० मीटरचे जोडलेले पट्टे विक्रीला आले. हैदराबादेतील स्त्रियांच्या हातांनी त्यांची वेटोळी गुंडाळली होती आणि ते जगभर गेले. जालन्याचे हैदराबादशी नाते तसे जुनेच. निजामाच्या काळातली मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आपल्या गावावरूनच जाते. त्या नात्यात ही एक नवी तार जोडली गेली म्हणा ना.

आता या संचाचे अंतरंग पाहू. मी गणित शिकवतो, म्हणून वजाबाकीनेच सांगतो. संचात एक दोलक असतो, तो आपण बटण फिरवून बदलतो. तो साधारण ५ मेगाहर्ट्झवर चालतो. आकाशतारेतून ७ मेगाहर्ट्झचा संदेश येतो. दोघांची बेरीज होते १२. आणि १२ मेगाहर्ट्झचे स्फटिक, म्हणजे क्रिस्टल, दारात पहारेकऱ्यासारखे उभे असतात. बेरीज बरोबर १२ आली तरच ते आत सोडतात, बाकी गोंगाट बाहेर ठेवतात. पुढे १२ चाच दुसरा दोलक त्या संदेशातून माणसाचा आवाज मोकळा करतो. बोलताना हीच वाट उलटी चालायची: आवाज १२ वर चढवायचा, त्यातून ५ वजा करायचे आणि ७ आकाशात सोडायचे. येण्याचा आणि जाण्याचा मार्ग बराचसा एकच, ही या आराखड्यातली खुबी.

जोडताना पहिला नियम असा की सगळे एकदम जोडू नये. शेवटापासून सुरुवात करावी. आधी ध्वनिक्षेपकाला आवाज देणारा भाग, मग १२ चा दोलक, मग ५ चा, मग मधले दुवे. प्रत्येक भाग जोडला की तिथेच त्याची परीक्षा घ्यावी, मग पुढे जावे. वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरने पाहावे की धन आणि ऋण कुठे एकमेकांना चिकटलेले तर नाहीत. पहिल्यांदा वीज देताना मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा दिवा तारेत मध्येच जोडावा. सारे ठीक असेल तर तो जेमतेम लालसर होईल किंवा मुळीच पेटणार नाही. लखकन पेटला, तर समजावे की आत कुठेतरी शॉर्ट आहे. पण दिव्याने सारा भार अंगावर घेतल्याने भाग मात्र वाचतात.

आणि तरीही संच मुका राहिला तर? बहुतेक जण इथे घाबरतात. एक कंडेन्सर बदल, दोन ट्रान्झिस्टर उपट, असा सपाटा लावतात. याने दोष सापडत नाही, उलट नवे दोष जन्माला येतात. संचाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा, आणि तोही असा की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यावे.

पहिला प्रश्न: आवाजाचा भाग जिवंत आहे का? आवाज वाढवण्याच्या बटणाच्या मधल्या टोकाला पेचकसाचे टोक बोटाने धरून लावा. ‘घूंऽ’ असा आवाज आला की तिथून पुढचा सारा रस्ता निर्दोष. दुसरा प्रश्न: दोलक चालतात का? त्यासाठी महागडे यंत्र नको. घरातला शॉर्टवेव्हचा जुना ट्रान्झिस्टर शेजारी ठेवा आणि त्याचा काटा १२ मेगाहर्ट्झवर, म्हणजे २५ मीटर पट्ट्याजवळ आणा. एका जागी त्याची खरखर एकाएकी शांत होईल. आपल्या संचाची वीज काढा; खरखर परत आली, तर तो आपलाच दोलक होता. ५ मेगाहर्ट्झलाही हीच युक्ती. तिसरा प्रश्न ट्रान्झिस्टरला: तुझ्या बेस आणि एमिटरमध्ये किती व्होल्ट? सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरने ०.६ ते ०.७ असे उत्तर दिले की तो बहुधा शाबूत. शून्य आले तर त्याला वीज पोचत नाही. दोन-तीन व्होल्ट आले तर तो आतून तुटला आहे.

भोकरदन तालुक्यातील माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. त्याचा संच पंधरा दिवस मुका होता. ‘घूं’ येत होते, दोन्ही दोलक ट्रान्झिस्टरवर सापडत होते, तरी एकही माणूस ऐकू येईना. म्हणजे दोष उरला तो ५ आणि ७ ची बेरीज करणाऱ्या भागात. तिथे तीन तारा एकत्र पिळून फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेले वेटोळे असते. मुलाने वेटे मोजले, बरोबर. डाख चकचकीत दिसत होता. त्याचे वडील शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंड करतात. ते शेजारी चहा पीत बसले होते. त्यांनी कडे हातात घेतले, एकदा उजेडात फिरवले आणि म्हणाले, ‘‘बाळा, या तिसऱ्या तारेचं इनॅमल खरवडलंच नाहीस की रे!’’ मीटर लावला, खरेच. ती तार तुटल्यासारखी दाखवत होती. खरवडून पुन्हा डाख दिला आणि संच बोलू लागला. वडिलांना रेडिओचे शास्त्र माहीत नव्हते, पण तांब्याच्या तारेवरचा तो पारदर्शक मुलामा त्यांच्या रोजच्या कामातला होता. आपल्या जिल्ह्यात गावोगावी अशी जाणती बोटे आहेत. हे किट जोडायला लागणारे निम्मे ज्ञान मोटार-वाइंडिंगच्या दुकानात आधीच बसलेले आहे.

याच जातीचे इतर दोषही ध्यानात ठेवा. डाख थंड बसला तर तो मळकट आणि दाणेदार दिसतो. तपकिरी-काळा-लाल हा एक हजार ओहमचा रोध, आणि तपकिरी-काळा-नारिंगी हा दहा हजारांचा. संध्याकाळच्या दिव्यात हे दोन सहज अदलाबदल होतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आणि डायोड उलटे बसतात. नव्या संचात असेच दोष पुष्कळ आढळतात. भाग मुळातच खराब निघणे त्या मानाने विरळा.

प्रक्षेपणाच्या भागाला हात घालताना मात्र जपावे. आकाशतार जोडल्याविना बोलण्याचे बटण कधीही दाबू नये. परीक्षेसाठी एक हजार ओहमचे, अर्ध्या वॅटचे वीस कार्बन रोध समांतर जोडावेत; झाले ५० ओहम, आणि दहा वॅटपर्यंतची शक्ती ते पचवतात. शेवटच्या ट्रान्झिस्टरची पाठ विजेला जोडलेली असते, म्हणून त्याच्या आणि उष्णता शोषणाऱ्या पत्र्याच्या मध्ये अभ्रकाचा तुकडा हवाच.

आकाशतारेचा हिशेब सोपा आहे. दोन्ही बाजूंना सुमारे ३३-३३ फूट तांब्याची तार, मध्ये केबल. एक टोक गच्चीला, दुसरे लिंबाला. जालन्यापासून मुंबई, नागपूर आणि हैदराबाद ही तिन्ही शहरे सरळ रेषेत सव्वातीनशे ते चारशे किलोमीटरच्या आतबाहेर आहेत. दिवसा ४० मीटरच्या लहरींना आकाशातून परतून पोचायला हे अंतर सोयीचे. सात वॅटमध्ये, म्हणजे एका छोट्या एलईडी दिव्याइतक्या शक्तीत, आवाज तिथे पोचू शकतो. खरखर फार आली तर संच बॅटरीवर चालवा आणि घरातले मोबाइल चार्जर, एलईडी दिवे एकेक बंद करून पाहा. बऱ्याचदा चोर घरातच सापडतो. बॅटरीच्या तारेत फ्यूज मात्र विसरू नका.

हे सारे परवान्याने करायचे. केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग परीक्षा घेतो. तीत रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम विचारतात. १९७८ च्या नियमांनी त्यासाठी वयाची किमान अट १२ वर्षे ठेवली, म्हणजे सातवी-आठवीतल्या मुलामुलींनाही हे दार बंद नव्हते.

शेवटी पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो: कशाला? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, येथून सुमारे दोनशे किलोमीटरवर किल्लारीची जमीन हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या मदतकार्यात हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवण्याचे काम केले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी प्रयोगासाठी अंदमानात गेले होते. तोच प्रयोगाचा संच बेटांचा बाहेरच्या जगाशी दुवा झाला. अशा वेळी वीज नसते, दुकान नसते, कारागीर बोलावता येत नाही. संच बंद पडला तर जवळ उरतात एक मीटर, थोडा डाख आणि एका वेळी एकच प्रश्न विचारण्याची सवय. ही सवय आपत्तीच्या दिवशी शिकता येत नाही. ती आधी, निवांतपणे, घरच्या टेबलावर मुक्या संचासमोर बसूनच अंगी बाणवावी लागते. म्हणून तुमच्या मुलाचा किंवा मुलीचा पहिला संच पहिल्याच दिवशी बोलला नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. शिक्षण तिथूनच सुरू होते.