शॉर्ट आणि एक्सेस

आज दिवसभर खुर्चीत बसायला मिळालेल्या माझ्या काउंटरवरच्या सहकाऱ्यांनो,

अध्यक्षाने धंद्याचा वर्षभराचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो लिहून आणला आहे, प्रती दाराशी ठेवल्या आहेत. जाताना घ्या. मला बोलायचंय ते वेगळंच.

सकाळच्या परिसंवादात ‘कॅशिअर की मशीन’ यावर रण माजलं. एक वक्ते म्हणाले, मशीन दमत नाही. दुसरे म्हणाले, माणसाच्या हसण्याला पर्याय नाही. दोघंही पगाराच्या आठवड्यातल्या रविवारी संध्याकाळी काउंटरवर उभे राहिलेले दिसत नाहीत. रांग बिस्किटांच्या रॅकपर्यंत गेली की कोणी हसत नाही, ग्राहकसुद्धा नाही. आणि मशीन दमत नसेल, पण कोणी काजूच्या पिशवीवर शेंगदाण्याचं स्टिकर लावून आणलं तर बिल शेंगदाण्याचंच करतं. आमच्या मुली पिशवी हातात घेतल्याबरोबर ओळखतात.

तर मुद्दा. एका मोठ्या दुकानात मी कॅश सुपरवायझर होते, नाव घेत नाही. दोन हजारांची नोट चालत होती तेव्हाची गोष्ट. दिवाळीआधीचा शनिवार. काउंटरवर नुकतीच लागलेली एक मुलगी, बी.कॉम.ची परीक्षा तोंडावर आलेली. ड्युटीवर चढताना आपल्याजवळची रोकड रजिस्टरात लिहावी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिने चाळीस रुपये लिहिले होते, बसचे. युनिफॉर्मला खिसा नाही. रात्री टॅलीला पाचशे शॉर्ट. तीनदा मोजलं. ड्रॉवरचा ट्रे उचलून खाली बघितलं, कार्डाच्या स्लिपा एकेक करून उलटल्या. नाहीतच. मग छापील फॉर्म आला: ‘सदर रक्कम माझ्या पगारातून वळती करण्यास हरकत नाही.’ तिने सही केली. हरकत आहे असं लिहायला त्या फॉर्मवर जागाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी एक आजोबा आले. म्हणाले, “बाळ, परवा दोन हजारांचे सुट्टे देताना कोऱ्या नोटा चिकटून आल्या बघ.” पाचशेची नोट त्यांनी काउंटरवर ठेवली. नियमाप्रमाणे ती त्या दिवशीच्या एक्सेसमध्ये, म्हणजे हिशेबापेक्षा जास्त निघालेल्या रकमेत, जमा झाली, आणि एक्सेस दुकानाचा. मी अकाउंट्सला गेले. उत्तर मिळालं, “मॅडम, शनिवारचं डे-एंड झालंय.” पगारातून कापायचे ते पाचशे कापलेच. म्हणजे एकाच नोटेचे पाचशे दुकानाला दोनदा मिळाले! हे मी तेव्हा मीटिंगमध्ये बोलले, तर पुढचा विषय घेण्यात आला. आज मीटिंग माझ्या हातात आहे.

आता मशीनकडे बघा. अमेरिकेतल्या डॉलर जनरलने २०२४ मध्ये हजारो दुकानांतून सेल्फ चेकआउट काढलं. माल बिलाविना बाहेर जात होता. उत्तर इंग्लंडच्या बूथ्सने २०२३ मध्ये दोन दुकानं वगळून बाकी सगळीकडे पुन्हा माणसं उभी केली, कारण गिऱ्हाईक वैतागलं होतं. अॅमेझॉनने आपल्या फ्रेश दुकानांतून ‘उचला आणि चालू लागा’ हा कॅशिअरविना खरेदीचा प्रकार २०२४ मध्ये गुंडाळला. त्यामागे भारतात बसलेली माणसं व्हिडिओ तपासत होती अशी बातमी आली. कंपनीने त्या वर्णनाला हरकत घेतली, पण माणसं अजिबात नव्हती असं काही म्हटलं नाही. मला मशीनला नावं ठेवायची नाहीत. मशीनच्या हातून माल गेला की तो घट खात्यात जातो, आणि त्या खात्याची तरतूद वर्षाच्या सुरुवातीलाच केलेली असते. कॅशिअरच्या हातून पाचशे गेले की ते तिच्या घरखर्चातून जातात. मशीन स्वस्त पडतं म्हणणाऱ्यांनी आधी ही दोन्ही खाती शेजारी मांडावीत आणि मग माझ्याशी बोलावं.

कायदा मालकाच्या बाजूने आहे असं कोणी सांगेल. १९३६ च्या वेतनाच्या कायद्यात कपातीला परवानगी होती, खरं आहे. पण नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झालेलं असलं तरच, आणि त्याला आपली बाजू मांडू दिल्यावरच. २०१९ च्या वेतन संहितेतही तेच आहे. चिकटलेल्या कोऱ्या नोटा ही हयगय कशी? रात्री साडेदहाला, शेवटची बस चुकू नये म्हणून केलेली सही म्हणजे बाजू मांडणं कसं? सकाळी कोणीतरी ‘प्रामाणिक कॅशिअरला भीती कसली’ म्हणालं. अहो, भीती प्रामाणिक असलेल्यालाच असते! लबाड माणूस एक्सेस बाजूला ठेवतो आणि शॉर्ट भरून काढतो. त्याची टॅली कधी चुकत नाही.

करायचं काय, ते थोडक्यात. शॉर्ट आणि एक्सेस महिन्याअखेर एकमेकांत वळते व्हावेत. ठरावीक मर्यादेपर्यंतची शॉर्ट दुकानाने सोसावी. मर्यादा किती, ते समिती ठरवील. समितीत कोण, ते संध्याकाळी बघू. फॉर्म कसा असावा, यूपीआयचं पेमेंट लटकलं तर काय, हे तरुण मंडळींनी करावं. माझा हात आता तितका चालत नाही.

अध्यक्षाने ठराव मांडू नये असा संकेत आहे, तो मी मोडते. शॉर्टचे पैसे चौकशीशिवाय पगारातून कापू नयेत, हा ठराव मी मांडला आहे. त्याला अनुमोदक हवा आहे. काउंटरवरच्या मुलींनो, तुम्ही हात खाली घ्या. मागच्या दोन रांगांत स्टोअर मॅनेजर बसले आहेत, त्यांच्यापैकी कोणी उठतंय का ते मला बघायचंय.