मूड बदलतो, पण किती दिवस?

सकाळी उत्साह, दुपारी चिडचिड, रात्री उगाच उदास, हे चढउतार म्हणजे आजार नव्हे. झोप अपुरी झाली, कुणी लागट बोललं, की मन खाली-वर होणारच. म्हणून आज मूड कसा आहे यापेक्षा तो किती दिवस तसाच आहे आणि त्यापायी काय काय अडलंय, हे पाहावं. नैराश्याचं निदान करताना डॉक्टरही हेच विचारतात: किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास आहे का, कशातच रस वाटेनासा झालाय का, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली आहे का? पहाटे तीनलाच जाग येते, आवडती मालिका समोर चालू असून लक्ष लागत नाही, आंघोळसुद्धा जड वाटते, अशा खुणा बहुधा घरच्यांनाच आधी दिसतात.

‘टेन्शन कुणाला नाही? आधीच्या पिढ्या कुठे डॉक्टरकडे गेल्या?’ हा आक्षेप नेहमीचा. त्यांनी सोसलं हे खरं; पण सोसणं म्हणजे बरं होणं नव्हे. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. गोळ्यांची भीतीही असते. पण सौम्य नैराश्यात अनेकदा समुपदेशन पुरतं. कधी उदासीचं मूळ थायरॉइडमध्येही निघतं, म्हणून रक्ततपासणी टाळू नये. बोलायला सुरुवात करायची तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास, मराठीतही. जीव देण्याचे विचार येत असतील, तर मात्र दोन आठवडे मोजत बसायचं नाही; त्याच क्षणी फोन करायचा.