‘पित्त’ हा शब्द आणि जठरदाह



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने जठरदाहावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. वैद्यकात माझा अधिकार नाही. परंतु या आजाराच्या वाटेत एक मराठी शब्द आडवा येतो, आणि तो माझ्या विषयात मोडतो. तो शब्द ‘पित्त’.

या एका शब्दाकडून आपण किती कामे करून घेतो! छातीत जळजळले की पित्त. डोके दुखून उलटी झाली की पित्त. अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. त्यावर आमसुलाचे पाणी. संतापलेल्याचेही पित्तच खवळते. आयुर्वेदात या संज्ञेला शास्त्रीय चौकट आहे. ‘आम्लपित्त’ या व्याधीला माधवनिदानात स्वतंत्र प्रकरण आहे. आधुनिक वैद्यकात पित्त हा यकृतात तयार होणारा रस, जठरातील आम्ल निराळे, आणि जठरदाह म्हणजे जठराच्या अस्तराचा दाह. घरगुती बोलण्यात हे सारे एकाच गाठोड्यात बांधले गेले.

माझे थोरले बंधू वर्षानुवर्षे ‘मला पित्ताचा त्रास आहे’ असे सांगत. इंदुरात सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफ्यात फेरी. तेव्हा कोणाला त्यात वावगे वाटले नाही. मोरावळा, खाण्याच्या सोड्याची चिमूट, थंड दूध यांवर भागत असे. १९९८ साली त्यांना शौचास डांबरासारखे काळे होऊ लागले. ‘पित्त पडते आहे’ अशी समजूत करून घेऊन ते आठवडाभर गप्प राहिले आणि एके दिवशी भोवळ येऊन पडले. जठरातील व्रणातून रक्त वाहत होते. बाहेरून रक्त द्यावे लागले. दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा काढून तपासला, तेव्हा त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला.

हा जंतू पर्थ येथील रॉबिन वॉरन यांना १९७९ साली जठराच्या अस्तरावर प्रथम दिसला. एवढ्या आम्लात जंतू तग धरील, हे फारसे कोणी मानीना. १९८४ मध्ये त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनी जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

बंधूंना आम्ल कमी करणारी गोळी आणि दोन प्रतिजैविके दोन आठवडे दिली गेली. चार दिवसांत बरे वाटले तरी औषध पुरे करावे लागते, नाहीतर जंतू शिरजोर होतो. जंतू गेला की नाही हे महिन्याभराने पुन्हा तपासतात. ते बरे झाले. मोरावळा मात्र सुटला नाही. डॉक्टरांची त्याला हरकत नव्हती.

पथ्याविषयीही समजुती बदलल्या आहेत. १९१५ साली शिकागोच्या डॉ. सिप्पी यांनी अशा रुग्णांना तासातासाला दूध व साय देण्याची पद्धत सुरू केली, आणि ती अनेक दशके चालली. पुढे कळले, की दुधाने घटकाभर थंडावा वाटतो आणि मागाहून आम्ल वाढते. तिखटाने जंतू होत नाही. दुखावलेल्या अस्तराला ते झोंबते एवढेच. ज्याला जे सोसत नाही ते त्याने टाळावे, थोडेथोडे व वेळेवर जेवावे, मद्य आणि तंबाखू सोडावी. मिश्रीही तंबाखूच, हे आमच्या पिढीतील भगिनींना सांगायला हवे.

समोर पांढऱ्या केसांचे पुष्कळ विद्यार्थी दिसतात, म्हणून आणखी एक. गुडघेदुखीवरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या जठराचे अस्तर सोलतात. अॅस्पिरिनही त्याच गोत्रातले. पण ते हृदयासाठी लिहून दिलेले असेल तर आपल्या मनाने बंद करू नये. सकाळी उपाशीपोटी घेण्याची आम्लाची गोळीही वर्षानुवर्षे विनासल्ला चालू ठेवू नये. काहींच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व त्यामुळे कमी पडते.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘पित्त’ हा शब्द घरी ठेवून जा. दुखते नेमके कोठे, जेवणापूर्वी की नंतर, शौचाचा रंग कसा, वजन उतरले का, घास अडकतो का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे साध्या मराठीत सांगा. काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.