चित्रातील शेतकरी आणि जमिनीचा मालक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा काही भाग)



चित्रकलेवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले. त्यामुळे चित्र पाहतानाही ते विकत कोणी घेतले, हा प्रश्न मला आधी सुचतो.

सतराव्या शतकात हॉलंडमधील हार्लेम शहरी आड्रियान व्हान ओस्टाडे (१६१०–१६८५) हा चित्रकार होऊन गेला. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून त्याने सुमारे ५० मुद्राचित्रे केली. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघत. म्हणून सामान्य नागरिकालाही त्या घेता येत. ओस्टाडेच्या आरंभीच्या चित्रांतील शेतकरी गुत्त्यात दंगा करतो. पुढे तोच शांत, घरंदाज होत जातो. १६५३ च्या एका मुद्राचित्रात गरीब शेतकरी कुटुंब जेवणापूर्वी प्रार्थना करीत आहे. दारिद्र्य दिसते, तक्रार दिसत नाही.

आता त्या काळची जमीन पाहू. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेस बेमस्टर नावाचे सरोवर होते. पवनचक्क्यांनी पाणी उपसून १६१२ मध्ये ते कोरडे करण्यात आले आणि सुमारे ७,००० हेक्टर जमीन वर आली. भांडवल मुख्यतः ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांचे. जमिनीची वाटणीही भांडवलदारांतच झाली. कुळाने जमीन कसावयाची आणि शहरात खंड पोहोचवावयाचा. गवतकापणीच्या हंगामात जर्मनीतील वेस्टफालियातून मजुरांचे तांडे येत. शहराचे धान्य बाल्टिक बंदरांतून येई. ते पिकविणाऱ्यांत पोलंडमधील वेठीला बांधलेले भूदास होते. प्रार्थनेच्या त्या चित्रात ना खंड आहे, ना वेठ.

ओस्टाडे खोटे बोलला, असे मी म्हणत नाही. दिवसभर राबलेला माणूसही लेकराला मांडीवर घेऊन सुखाने बसतो. ते सुख खरे असते आणि त्याचे स्वतःचे असते. राजेरजवाडे सोडून अशा माणसाकडे चित्रकार वळला, हेही मोठेच. माझा आक्षेप पाहणाऱ्यावर आहे. खंड घेणारा शहरी मालक असे चित्र पाहतो आणि कुळाच्या समाधानालाच त्याची संमती समजतो.

हा दोष केवळ व्यापाऱ्यांचा नाही. आपणही पत्रकांवर हसरा शेतकरी छापतो. छापण्यापूर्वी विचारावे : जमीन कोणाची? खंड किती? कापणीला कोण आले आणि त्यांना मजुरी काय मिळाली? उत्तर चित्रात मावत नसेल, तर खाली शब्दांत लिहावे.